मार खाण्यासाठीच उडणारी नळी

फळ्यावर रॅमजेट काढायला मला अर्धं मिनिट पुरतं. एक नळी: पुढे तोंड, मध्ये पोट, मागे आवळलेली मान. पोटात इंधनाचे दोन फवारे आणि एक ज्योत. झालं इंजिन. पंखा नाही, टर्बाइन नाही, पिस्टन नाही. इंधनाचा पंप सोडला तर फिरणारं असं काहीच नाही. मेकॅनिकलच्या वर्गात हे चित्र काढलं की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो: "सर, नळी दोन्हीकडून उघडी आहे ना? मग जाळ मागेच का जातो? पुढून का नाही येत?"

प्रश्नावर वर्ग हसतो. मी हसत नाही, कारण रॅमजेट समजायला याच्याइतकी चांगली वाट दुसरी नाही. आणि त्या वाटेने गेलं की आपण एका अजब यंत्रापाशी पोचतो. त्याचं नाव सुपरसॉनिक टार्गेट ड्रोन. आवाजाच्या दुप्पट-अडीचपट वेगाने उडायचं, वैमानिकाशिवाय उडायचं, आणि शेवटी आपल्याच माणसांच्या क्षेपणास्त्राचा मार खायचा, एवढंच त्याचं आयुष्य.

आधी हवेचं बघू. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी पाटी असते आणि लहानपणी आपण सगळ्यांनी तो काढलेला असतो. तळवा पुढे धरला की हवा त्याला मागे रेटते. बस ताशी ६० किलोमीटरने चाललेली असेल तर हा रेटा वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सहाशेवा हिस्सा असतो. पण वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि आवाजाच्या वेगाजवळ तर त्याहूनही झपाट्याने वाढतो. आवाजाच्या वेगाने, म्हणजे मॅक १ ने, येणारी हवा नीट अडवून थांबवली तर तिचा दाब वातावरणाच्या १.९ पट होतो. हा आकडा आपल्या ओट्यावरचाच आहे: कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण दोन वातावरणांइतका दाब असतो. मॅक २ ला तो ७.८ पट होतो, मॅक २.५ ला १७ पट, मॅक ३ ला जवळपास ३७ पट.

कुठलंही इंजिन घ्या, त्याला आधी हवा दाबून घ्यावी लागते. गाडीत ते काम पिस्टन करतो, प्रवासी विमानात पात्यांच्या रांगाच रांगा करतात. त्या पात्यांना फिरवायला मागे टर्बाइन लागतं, टर्बाइनला बेअरिंग, बेअरिंगला तेल. रॅमजेट हा सगळा संसार टाकून देतं. मुळात हवेवर इतक्या जोरात धडकायचं की ती आपोआप दाबली जावी. रॅम म्हणजे मेंढा, आणि टक्कर हेच मेंढ्याचं काम.

वरचे आकडे मात्र कागदावरचे आहेत. आवाजापेक्षा वेगाने येणारी हवा सहजासहजी मंद होत नाही, ती शॉकवेव्हमधूनच, म्हणजे दाब एकदम चढतो अशा हवेतल्या पातळ भिंतीतूनच मंद होते, आणि शॉकवेव्ह दरवेळी आपलं कमिशन कापून घेते. मॅक २.५ च्या हवेला एकाच सरळ, आडव्या शॉकने अडवलं तर मिळू शकणारा दाब निम्म्यावर येतो. म्हणून रॅमजेटच्या तोंडात बहुतेकदा टोकदार शंकू बसवलेला दिसतो, किंवा तिरप्या कडांची खोकी. शंकूच्या टोकापासून तिरपा शॉक निघतो, हवा थोडी मंद होते, मग पुढचा शॉक थोडा सौम्य पडतो. उंच पायरीवरून एकदम उडी मारण्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उतरणं गुडघ्यांना बरं, तसंच हे. रॅमजेट बनवणाऱ्यांची बरीचशी अक्कल या पहिल्या हातभर लांबीतच खर्च होते.

पोटात पोचेपर्यंत हवा आवाजापेक्षा बरीच मंद झालेली असते, पण मंद म्हणजे तरी ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास. हे वादळापेक्षा वाईट आहे, आणि त्यात ज्योत टिकवायची आहे. उपाय जुनाच आहे, आडोसा. वाऱ्यात पणती लावताना आपण हाताची ओंजळ धरतो, तशी इथे प्रवाहात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पत्र्याची पन्हळ आडवी बसवतात. तिच्या पाठीमागे हवा घुटमळते, भोवरे होतात, आणि त्या भोवऱ्यात गरम वायू फिरत राहून येणाऱ्या मिश्रणाला सतत काडी लावत राहतो.

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. जाळ पुढून का येत नाही? कारण ज्वलनकक्षातला दाब कितीही असला तरी तो समोरून येणाऱ्या हवेच्या जोरावरच उभा राहिलेला असतो, तिच्यापेक्षा वरचढ नसतो. शिवाय दाबाची खबर हवेतून आवाजाच्याच वेगाने पसरते. समोरचा प्रवाह आवाजापेक्षा वेगाने येत असेल तर ती खबर उलटी वर चढूच शकत नाही. पुराच्या पाण्यात उलटं पोहणारा माणूस जसा जागच्या जागी हात मारत मागेच जातो, तसं. जळून फुगलेल्या वायूला मागची वाट तेवढी मोकळी असते. तो आत आला त्याहून जास्त वेगाने मागून बाहेर पडतो, आणि या दोन वेगांतल्या फरकातून ढकल मिळते. ती ढकल नळीला नेमकी कुठे लागते हे विचारलं तर चांगली चांगली मुलं गोंधळतात. ती लागते तोंडापासून पोटाकडे रुंदावत जाणाऱ्या भिंतींना, आतून. पोटातला दाब त्या तिरक्या भिंतींना पुढे रेटत असतो.

आणि खरं सांगायचं तर कधी कधी गोष्ट पुढून बाहेर येतेच. इंधन हावरटासारखं जास्त सोडलं की पोटातला दाब वाढतो, तोंडात बसलेला शॉक पुढे सरकतो आणि तोंडाबाहेर फेकला जातो. मग हवा कमी आत जाते, दाब पडतो, शॉक पुन्हा आत गिळला जातो, दाब पुन्हा वाढतो. सेकंदात अनेकदा हा आत-बाहेरचा खेळ चालतो. याला बझ म्हणतात. नाव गोड आहे, पण त्याने ज्योत विझते आणि कधी नळीही फाटते.

या इंजिनाचा मोठा दोष एव्हाना लक्षात आला असेल. उभ्या जागी ते शून्य ढकल देतं. हवा अंगावर येत नसेल तर दाबणार काय? फ्रान्सच्या रेने लोरँ यांनी ही कल्पना १९१३ मध्ये छापली तेव्हा तिला वापरता येईल एवढ्या वेगाचं विमान जगात कुठेही नव्हतं. त्यांच्याच देशातल्या रेने लेद्यूक यांनी पुढे हट्टाने रॅमजेटचं माणूस बसेल असं विमान बनवलं. वैमानिकाची जागा चक्क हवेच्या तोंडातल्या शंकूत होती. २१ एप्रिल १९४९ ला ते स्वतःच्या जोरावर उडालं, पण आधी एका मोठ्या विमानाच्या पाठीवर बसून वर गेलं आणि तिथून सुटलं. स्वतःच्या पायांवर धावपट्टी सोडता येत नाही असं विमान कोण विकत घेणार? १९५८ पर्यंत सरकारी पैसा आटला आणि ते स्वप्न तिथेच थांबलं.

पण ज्या गोष्टींमुळे हे इंजिन विमानाला नको झालं, त्यातली एकही टार्गेट ड्रोनला अडचणीची नाही. त्याला धावपट्टीवर उतरायचं नसतं. हळू उडायचंही नसतं, एका ठरावीक वेगपट्ट्यात दोन-चार मिनिटं काढली की झालं. सुरुवातीचा वेग द्यायला एक रॉकेट बूस्टर जोडला की काम भागतं. आणि जे शेवटी फुटायचंच आहे त्यात महागड्या टर्बाइनची पाती घालणं म्हणजे लग्नाचा शालू नेसून होळी खेळणं. मग साधं रॉकेटच का नको? रॉकेटला प्राणवायूही बरोबर घ्यावा लागतो. एक किलो केरोसीन पूर्ण जाळायला साधारण १५ किलो हवा लागते. ती वाटेतून घेता आली तर तेवढ्याच वजनाच्या इंधनात रॅमजेट रॉकेटच्या चार-पाच पट काम करतं.

या घराण्यातला माझा आवडता पूर्वज म्हणजे अमेरिकेचा लॉकहीड एक्स-७. १९५१ पासून तो बी-२९ आणि पुढे बी-५० बॉम्बरच्या पंखाखालून सोडला जायचा, बूस्टर पेटायचा आणि मग मार्क्वार्ट कंपनीचं रॅमजेट सूत्रं हातात घ्यायचं. मुळात तो इंजिनं तपासायलाच होता, आणि त्याने मॅक ४.३१ गाठला. परतीची तऱ्हा भारी होती. पॅराशूट उघडायचं, यंत्र नाक खाली करून वाळवंटात उतरायचं आणि नाकावरचा लांब सुळका वाळूत रुतून बसायचा. इंजिन शाबूत. याच एक्स-७ चं टार्गेट ड्रोन बनवलं, त्याला नाव दिलं किंगफिशर. आपला खंड्या. चोच खाली करून सूर मारणाऱ्या पक्ष्याचं नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. बोमार्क आणि नाइकी या हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांची परीक्षा घ्यायला खंड्या उडाला, आणि बहुतेकांच्या हाती लागलाच नाही. कोट्यवधी डॉलरची ढाल भोकाची निघाली, याचा आनंद अर्थातच कोणाला झाला नाही. पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. परीक्षा अवघड निघाली म्हणून पेपर काढणाऱ्यालाच घरी बसवण्याची रीत सगळीकडे सारखीच दिसते.

खरी निकड मात्र समुद्रावर निर्माण झाली. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या बोटींनी कराचीवर जी स्टिक्स क्षेपणास्त्रं डागली, ती आवाजापेक्षा कमी वेगाची होती. पुढे सोव्हिएत संघाने मॉस्किटसारखी रॅमजेटवर चालणारी जहाजविरोधी क्षेपणास्त्रं आणली, आणि बचाव करणाऱ्याचा वेळच कापला गेला. हा वेळ आपण हिशोबाने काढू शकतो. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पाण्याला लगटून येणारी वस्तू रडारला क्षितिजाआडून बाहेर आल्यावरच दिसते. रडार पाण्यापासून २० मीटर उंच आणि क्षेपणास्त्र ५ मीटरवर असेल तर हे अंतर भरतं २७ किलोमीटर. स्टिक्सच्या जमान्यातल्या वेगाने ते कापायला दीड मिनिटाच्या आसपास लागायचं. मॅक २.५ ला, म्हणजे सेकंदाला ८५० मीटरने, फक्त ३२ सेकंद. सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटर, धीम्या लोकलने तासभर. या वेगाने ४० सेकंद.

३२ सेकंदांत ओळखायचं, ठरवायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि ते जाऊन धडकायलाही हवं. याचा सराव कागदावर होत नाही आणि सावकाश उडणाऱ्या ड्रोनवरही होत नाही. त्याला त्याच वेगाचं, त्याच उंचीवरून येणारं काहीतरी लागतं.

आणि ती उंचीच या ड्रोनचा घाम काढते. बारा किलोमीटर वर हवा पातळ, पाण्यालगतच्या हवेच्या साधारण चौथाई. खाली सगळी दाट. मॅक २.५ ला पाण्यालगत हवेचा रेटा चौरस मीटरला सुमारे ४५ टन पडतो. एसटीच्या खिडकीतला तोच तळहात इथे बाहेर काढला तर त्याच्यावर साडेचारशे किलोचं ओझं येईल. आणि तो भाजेलही. अडवलेली हवा तापते, १५ अंशांची हवा या वेगाला ३७५ अंशांपर्यंत. वडे तळायचं तेल १८० च्या आसपास असतं, त्याच्या दुप्पट. ॲल्युमिनियम एवढ्या उष्णतेत ताकद सोडतं, म्हणून तापणाऱ्या भागांना पोलाद किंवा टायटॅनियम लागतं. विशेष म्हणजे रॅमजेट यात खूश असतं. हवा जितकी दाट तितका त्याला घास मोठा.

अमेरिकी नौदलाने सुरुवातीला जुन्या सामानातून सोय केली. टॅलॉस नावाचं त्यांचं रॅमजेटवर चालणारं अवाढव्य विमानविरोधी क्षेपणास्त्र १९७९ मध्ये निवृत्त झालं. उरलेल्या क्षेपणास्त्रांतून स्फोटकं काढली, खबरबात पाठवणारी यंत्रणा घातली, आणि व्हँडल नावाचं टार्गेट तयार झालं. साठा संपत आला तेव्हा त्यांनी जे केलं ते शीतयुद्धाच्या काळात कोणी सांगितलं असतं तर वेड्यात निघाला असता. त्यांनी थेट रशियाकडून केएच-३१ क्षेपणास्त्रं विकत घेतली. ज्याची भीती तेच बाजारातून आणा, त्यातलं डोकं आणि दारूगोळा काढा, आपली उपकरणं बसवा आणि आपल्याच जहाजांवर सोडा. नाव ठेवलं एमए-३१.

केएच-३१ ची एक युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. त्याचा बूस्टर वेगळा नाहीच. रॅमजेटच्या रिकाम्या पोटातच बूस्टरचं घन इंधन ठासलेलं असतं. हवेची तोंडं टोपणांनी बंद. आधी ते इंधन जळतं आणि यंत्राला वेगात आणतं. जळून पोट रिकामं झालं की टोपणं उडतात, हवा आत घुसते आणि तीच पोकळी आता रॅमजेटचा ज्वलनकक्ष होते. एकच खोली, आधी कोठार म्हणून, मग स्वयंपाकघर म्हणून. चाळीत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या आकाश क्षेपणास्त्राच्या मुळाशीही हीच रचना आहे.

रशियन पुरवठ्यावर कायम विसंबून राहणं शक्य नव्हतं. २००० साली अमेरिकेने ऑर्बिटल सायन्सेस कंपनीला नव्या टार्गेटचं काम दिलं. त्यातून आलं जीक्यूएम-१६३ कोयोटी. जमिनीवरच्या रुळावरून ते जुन्या क्षेपणास्त्राच्या बूस्टरवर सुटतं, बूस्टर गळून पडतो आणि मग पाण्यापासून पाच मीटरवर मॅक २.५ ने धावतं. त्याचं रॅमजेट केरोसीनवर चालत नाही. ते डक्टेड रॉकेट आहे, आणि हे समजायला चूल आठवायला हवी. ओलं सरपण घातलं की चुलीतून नुसता दाट धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. फुंकणीने हवा दिली की तोच धूर भप्पकन पेटतो. कोयोटीच्या पोटात घन इंधन असं मुद्दाम अर्धपोटी, प्राणवायू कमी ठेवून जाळतात. त्यातून निघणारा तापलेला, जळायला टपलेला वायू मागच्या कक्षात जातो, तिथे बाहेरून आलेली हवा त्याला फुंकणीसारखी मिळते आणि तो पुरता पेटतो. वायूच्या वाटेवर झडप ठेवली की आगीचा जोर कमी-जास्त करता येतो. पंप नाही, टाकी नाही, सांडणारं रॉकेल नाही, कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी तक्रार नाही. टार्गेटसाठी याहून सोयीचं काही मला तरी सुचत नाही.

हे तंत्र आपल्याकडेही आहे, मात्र टार्गेटसाठी नव्हे, लांब पल्ल्याच्या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी. डीआरडीओच्या एसएफडीआरची, म्हणजे घन इंधनाच्या डक्टेड रॅमजेटची, पहिली चाचणी मे २०१८ मध्ये झाली, पुढच्या चाचण्या ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूरला होत राहिल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर यात पुण्याच्या सुतारवाडीतली एचईएमआरएल ही डीआरडीओचीच प्रयोगशाळा आहे. घन इंधनाची विद्या हा तिचा घरचा विषय. आपली लक्ष्य आणि अभ्यास ही टार्गेट ड्रोन मात्र छोट्या जेट इंजिनावरची, आवाजापेक्षा कमी वेगाची आहेत.

कोयोटीला फ्रेंच नौदलानेही बोलावून घेतलं. ४ एप्रिल २०१२ ला भूमध्य समुद्रात त्यांच्या फोर्बँ या फ्रिगेटने पाच मीटरच्या आत उंचीवरून मॅक २.५ ने येणारं एक कोयोटी ॲस्टर-३० क्षेपणास्त्राने पाडलं. युरोपात असं पहिल्यांदाच घडलं.

पाडलं म्हणजे संपलं असं मात्र नसतं. १० फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेच्या अँट्रिम या जहाजाने सरावात एक साधं, आवाजापेक्षा कमी वेगाचं ड्रोन तोफेने बरोबर टिपलं. त्याचे तुकडे पाण्यावर आपटून उसळले आणि जहाजावरच येऊन आदळले. आग लागली, जहाजावरचा एक नागरी प्रशिक्षक गेला. लहानपणी तळ्यात चपटा दगड टप्पे खात जातो तसंच ते घडलं. वेग तिप्पट केला तर तुकड्यांची ऊर्जा नऊपट होते, आणि पाडल्यावरही ते आधीच्याच दिशेने येत राहतात.

त्यामुळे माणसं असलेल्या जहाजावर असं टार्गेट कोणी सरळ रोखून सोडत नाही, ते बाजूने अंतर राखून नेलं जातं. ज्या चाचणीत खरोखर नाकासमोर यायला हवं, तिच्यासाठी अमेरिकी नौदलाने एक निवृत्त विनाशिका ठेवली आहे, पॉल एफ. फॉस्टर. चाचणीच्या वेळी तिच्यावर एकही माणूस नसतो. दुरून चालवलेलं जहाज, स्वतःहून झाडणारी शस्त्रं, आणि मागे दोराने ओढलेला एक तराफा. येणाऱ्या ड्रोनला लक्ष्य म्हणून दिलेला असतो तो तराफा. शस्त्रं चुकली तर छिद्र त्याला पडतं.